नऊ दीक्षा, दोन दिवस, जेवणासकट

नऊ दीक्षा, दोन दिवस, दुपारच्या जेवणासकट साडेअठरा हजार. अंधेरी पश्चिमेच्या एका स्टुडिओला मी हे पैसे गूगल पेने भरले, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. शनिवारी सकाळी दहाला आत गेले, रविवारी संध्याकाळी सातला बाहेर आले. पिशवीत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र होतं, मधे भोक असलेला गोल दगड होता आणि चार पानांची झेरॉक्स होती. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं की या दीक्षा मी आता दुसऱ्यांना देऊ शकते.

मी गोरेगाव पूर्वेला राहते, सोसायटीच्या हॉलमध्ये योगाचे वर्ग घेते, त्याला सोळा वर्षं झाली. शीर्षासन शिकवायची परवानगी देण्याआधी माझ्या गुरुजींनी मला पहिलं वर्षभर नुसतं दुसऱ्यांना धरायला उभं केलं होतं. ‘पडणाऱ्याला सावरता आलं की मग शिकव,’ म्हणायचे. हे सगळं अंगी मुरलेली बाई त्या रविवारी एस. व्ही. रोडवर रिक्षा शोधत उभी होती आणि मनात यादी करत होती, पहिली दीक्षा कोणाला द्यायची म्हणून.

या दीक्षांना मुनाय-की म्हणतात. ‘मुनाय’ हा अँडीजमधल्या केचुआ भाषेतला शब्द. प्रेम हा त्याचा अर्थ, पण त्या प्रेमात इच्छाशक्तीही येते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुस्को शहराच्या पूर्वेला, अँडीजच्या उंच दऱ्यांमध्ये केरो नावाचे लोक राहतात. वर अल्पाका राखतात, बटाटा लावतात, खाली उतारावर मका पिकवतात. १९५५ मध्ये ऑस्कर नुन्येस देल प्रादो या पेरूच्याच मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याकडे मोहीम नेली, तेव्हापासून बाहेरच्या अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांच्याकडच्या जाणत्याला ‘पाको’ म्हणतात आणि दीक्षेला ‘कार्पाय’. त्या परंपरेचा आधार घेऊन अल्बर्तो विल्योल्दो या क्यूबात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाने बाहेरच्या जगासाठी नऊ दीक्षांचा संच बांधला. पहिली बरं करणाऱ्याची, दुसरी शरीराभोवतीच्या पाच पट्ट्यांची, तिसरीत सात चक्रांमध्ये साप, जग्वार, हमिंगबर्ड, गरुड वगैरे बसवायचे, आणि असं करत नववीपर्यंत. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, कपाळाला कपाळ लावतात, हातात तो भोकाचा दगड असतो. दीक्षा म्हणजे बी पेरणं, असं यात मानतात. बी रुजवायला घेणाऱ्याने पुढे आगीसमोर बसून स्वतः मेहनत करायची असते.

आमच्या स्टुडिओत आग म्हणजे सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या होत्या. खऱ्या लावल्या तर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो म्हणे.

तीन आठवड्यांनी माझी कॉलेजातली मैत्रीण घरी आली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ गेला होता. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तिला बोलावलं होतं. हिला याचा उपयोग होईल, असं माझ्या डोक्यात.

रविवार, दुपारचे साडेतीन. हॉलमधलं सेंटर टेबल बाजूला सरकवून सतरंजी घातली होती. आई स्वयंपाकघरात कुळीथ भाजत होती. मी झेरॉक्समधून वाचून चार दिशांना हाका मारल्या. दक्षिणेचा साप, पश्चिमेचा जग्वार, उत्तरेचा हमिंगबर्ड, पूर्वेचा गरुड. मग पहिली दीक्षा, मग दुसरी. तिसरीच्या वेळी मी तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि माझ्या लक्षात आलं की तिचा श्वास फार वर, गळ्याशी चाललाय. मला वाटलं, चाललंय छान. मग तिची बोटं आत वळायला लागली, कोंबडीच्या पायासारखी. ओठ पांढरे पडले. ती बोलायला लागली, पण माझ्याशी नाही. ‘चेन उघडा ना. एकदा बघू द्या ना मला. चेन उघडा.’

भावाला तिने शेवटचं पाहिलं ते चेन लावलेल्या पिशवीत.

मी झेरॉक्सचं पान उलटलं. खरंच सांगते, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या पानावर चौथी दीक्षा होती. शेवटच्या पानाच्या मागे स्टुडिओचा पत्ता होता आणि इन्स्टाग्रामचं नाव.

आई बाहेर आली ती हाताला पीठ तसंच. तिचं वय तेव्हा ७८. तिने मला खांद्याला धरून बाजूला केलं. मैत्रिणीला उचलून बसवली नाही. आधी तिची पाठ भिंतीला लागेल अशी हळूहळू सरकवली. तळपाय जमिनीला टेकवले आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी ते दाबून धरले. मग साध्या आवाजात, बाजारात भेटल्यासारखं विचारलं, ‘चेडवा, तुझो गाव खंयचो गो?’

दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘कोरेगाव.’

‘थंय एष्टी खंय थांबता?’

‘स्टँडला.’

‘स्टँडार काय गावता खावक?’

असं दहा-बारा मिनिटं चाललं. स्टँडवरचा वडापाव, त्याच्या शेजारची रसवंती, शाळा कुठे, शाळेला जायचा रस्ता कुठून. बोटं एकेक करून उघडली. आईने मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. मग म्हणाली, ‘आता रड हवी तेवढी.’ आणि परत कुळीथ भाजायला गेली, कारण गॅस चालूच होता.

मैत्रीण त्यानंतर दोन रात्री झोपली नाही. मी स्टुडिओला फोन केला. पलीकडून उत्तर आलं की हे चांगलं लक्षण आहे, साचलेलं बाहेर पडतंय, पडू द्या. पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर पुढच्या पातळीच्या शिबिराची लिंक आली, लवकर नाव नोंदवणाऱ्यांना सवलत. तिसऱ्या दिवशी मी तिला मालाडच्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्याशी तासभर बोलून झाल्यावर मला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ मला सांगता येईना. लाज वाटली म्हणून नव्हे. मी नेमकं काय केलं ते मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

आईला मी त्या रात्री विचारलं, तुला हे कुठून येतं. तिला प्रश्नच कळला नाही आधी. मग तिने कुडाळजवळच्या तिच्या माहेरचं सांगितलं. तिकडे गावऱ्हाटीत, गावाच्या देवकार्याच्या जुन्या रीतीत, देवाचा अवसर येतो, म्हणजे ठरलेल्या माणसाच्या अंगात ठरलेल्या दिवशी देव येतो. लहानपणी सुट्टीत मी ते पाहिलंय. ढोल, देवाच्या तरंगकाठ्या, त्यांना नेसवलेल्या साड्या, घामाने निथळणारा माणूस. पण मी पाहिलं होतं ते फक्त त्या माणसाकडे. आईच्या वडिलांचं काम त्याच्या मागे उभं राहण्याचं. त्याच्या कमरेचा शेला धरायचा. त्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते बघायचं. गुरव तीर्थ कधी शिंपडणार ते ओळखायचं. अवसर उतरला की त्याला खांबाला टेकवून बसवायचं, पाणी द्यायचं, नावाने हाक मारायची, बायकोमुलांची नावं विचारायची. आजोबा हे त्यांच्या काकांकडून शिकले, सुरुवातीची कितीतरी वर्षं नुसती पाण्याची कळशी धरून. आई म्हणाली, ‘देव हाडूक कोणाकय येता. तेका परत धाडूक येवक व्हया.’

देव आणायला कोणालाही येतं, त्याला परत पाठवता यायला हवं. मी दोन दिवसांच्या शिबिरात जे शिकले त्यात हा धाडायचा भाग नव्हता. म्हणजे झेरॉक्समध्ये एक ओळ होती, ‘दिशांचे आभार मानून अवकाश बंद करावा.’ बस.

शहाण्या बाईने हा नाद इथेच सोडला असता. माझ्या भावाचं तेच म्हणणं होतं. तो दाभोलकरांची व्याख्यानं ऐकत वाढलेला, २०१३ मध्ये त्यांचा खून झाला तेव्हा पुण्याला मोर्चाला गेलेला. त्याने मला एकच प्रश्न विचारला, ‘जी गोष्ट नाहीच, ती द्यायला प्रशिक्षण कशाला लागतं?’ प्रश्न चोख आहे. मी त्यावर बरेच दिवस काढले. कपाळातून कपाळात प्रकाशाचं बी जातं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण समोरचं माणूस डोळे मिटून, अंग सैल सोडून, स्वतःला माझ्या हवाली करून बसतं, एवढं तर डोळ्यांसमोर घडतं. त्या अर्ध्या तासात त्याच्या आतली कडी निघते. मी कडी काढणार असेन तर आत काय असू शकतं आणि ते बाहेर आलं तर काय करायचं, हे मला यायला नको? भाऊ म्हणाला, ‘मग कडीला हातच लावू नकोस.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हात लावून झाला होता.

ठाण्याला एक बाई आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे ताई म्हणतात. स्वतः कुस्कोला चार वेळा जाऊन तिथल्या एका पाकोच्या घरी राहून आलेल्या, आणि त्याआधी समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. मी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. कोरेगावची एसटीसुद्धा. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या आईंना घेऊन या.’ मला वाटलं गंमत करतायत. पहिल्या दिवशी खरोखर आई आली आणि तास-दीड तास त्या दोघीच बोलत बसल्या. मी बाहेर चपला सांभाळत.

चौदा महिने, महिन्यातला एक शनिवार-रविवार. पहिले तीन महिने दीक्षेचा विषयच नाही. आम्ही सहा जण. गोलात बसायचं आणि एकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, सल्ला नाही, ‘होतं असं’ नाही, पाठीवर हात नाही. हे भयंकर कठीण आहे. मराठी बाईला समोरचा रडायला लागला आणि तिने पाठीवर हात ठेवायचा नाही म्हणजे काय! ताई म्हणायच्या, तुमचा हात त्याच्यासाठी जातोय की तुम्हाला त्याचं रडणं सहन होत नाही म्हणून, ते आधी बघा. माझा हात बहुतेक वेळा दुसऱ्या कारणासाठी जात होता.

मग प्रश्नावली आली. दीक्षा देण्याआधी आठवडाभर तरी आधी माणसाला भेटायचं आणि विचारायचं. कुठली औषधं चालू आहेत? फिट येतात का? दिवस गेलेत का? गेल्या वर्षभरात घरात कोणी गेलंय का? कधी आवाज ऐकू आलेत, आठवडाभर झोपच लागली नाही असं झालंय? आधी कधी मानसोपचार घेतलेत? तुम्हाला कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही? कपाळाला कपाळ चालेल का? नाही म्हणायचं असेल तर मधेच कसं म्हणाल? ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. शब्द आधीच ठरवून घ्यायचा, कारण डोळे मिटलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणायचाही संकोच वाटतो.

आणि कायदा. दाभोलकरांचा खून झाला त्याच २०१३ साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. ताईंनी आम्हाला कायद्याची अनुसूची वाचायला लावली, मोठ्याने, एकेक कलम. ‘आपण कोणाला बरं करतो’ हे वाक्य त्यांच्याकडे बंद. ‘औषध कमी करा’ म्हणणारा त्याच दिवशी बाहेर. २००९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ घामाच्या झोपडीत पन्नासेक माणसं कोंबून ‘योद्ध्यांचा’ विधी केला, त्यात तिघं दगावली आणि आयोजकाला पुढे तुरुंगवास झाला, ही गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. घामाची झोपडी तिथल्या मूळ रहिवाशांची. ती कशाने झाकायची, आत किती जण, किती वेळ, दार कधी उघडायचं, हे आत तापलेल्या दगडांवर पाणी ओतणाऱ्याने वर्षानुवर्षं बसून शिकायचं असतं. यांनी झोपडी तेवढी उचलली.

जेवणानंतर ताई कधीकधी लहर लागली की सांगत बसायच्या. कोरियात देवाची हाक आलेल्या बाईला आधी ‘शिनब्योंग’, म्हणजे देवाचं दुखणं लागतं. मग ‘नेरिमगुत’ हा देव उतरवण्याचा विधी करून एखादी अनुभवी मुदांग, म्हणजे अंगात देव येणारी बाई, तिला पदराखाली घेते, ती तिची देवआई. विधी उरकतो लवकर, पण गाणी, नाच, देवांची मांडणी शिकण्यात देवआईच्या हाताखाली वर्षं जातात. अँडीजमध्ये वीज अंगावर पडून जो वाचतो त्याला डोंगराने निवडलं असं मानतात. आमच्यातल्या एकाने विचारलं, मग त्याला शिकायची काय गरज? ताई म्हणाल्या, वीज पडली म्हणजे निवड झाली, नोकरी अजून शिकायची आहे.

इथे आरेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरापासून आरे कॉलनीचं, म्हणजे वारली पाडे असलेल्या जंगलाचं, गेट पंधरा मिनिटांवर. माझ्या सकाळच्या वर्गाला महापालिकेत कामाला असलेला एक वारली गृहस्थ येतो, पाठदुखीसाठी. त्याचा काका डहाणूकडे भगत आहे. मी मोठ्या कौतुकाने त्याला माझ्या नऊ दीक्षांचं सांगितलं, तर तो इतका हसला की त्याची पाठ भरून आली. काकाने म्हणे गुरूकडे रात्री जागून जागून काढल्या, सुपातले तांदूळ कसे बघायचे ते नंतर, आधी कोणत्या देवाला काय लागतं ते पाठ, आणि घांगळी या तंतुवाद्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा म्हणायची तर एक ओळ चुकली की पहिल्यापासून. ‘आणि मॅडम, तुम्हाला जेवण पण दिलं?’ तेव्हापासून तो मला रोज हाच प्रश्न विचारतो.

आईला सगळ्यात जास्त रस होता तो देस्पाचोमध्ये. देस्पाचो म्हणजे पाचामामा, धरणीमाता, आणि आपू, म्हणजे डोंगरांतले देव, यांच्यासाठी कागदावर मांडलेला नैवेद्य. त्यात कोकाची तीन पानं पंख्यासारखी धरून, त्यावर फुंकर घालून प्रार्थना करतात. त्या तीन पानांना ‘किन्तू’ म्हणतात. कोकाचं पान आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बसतं, त्यामुळे आम्ही तमालपत्र वापरायचो. दादरच्या फुलबाजारातून पहाटे पाकळ्या, किराण्याच्या दुकानातून तमालपत्र, आणि निवडून घ्यायचं, फाटलेलं चालत नाही. आईने किन्तू बघितला आणि म्हणाली, ‘म्हणजे बेलच की!’ मला एकदम भरून आलं, हे तर आपलंच, असं. ताईंनी तिथेच थांबवलं. बेल बेल आहे, किन्तू किन्तू आहे. सगळं एकच म्हणायला लागलात की दोन्हीकडचं शिकायचा कंटाळा करायला मोकळ्या. मला राग आला होता तेव्हा. घरी येताना लोकलमध्ये लक्षात आलं की माझं योगाच्या वर्गातलं अर्धं बोलणं ‘शेवटी सगळं एकच’ यावर चालतं.

आग आम्ही ताईंच्या इमारतीच्या गच्चीवर, लोखंडी घमेल्यात पेटवायचो. सेक्रेटरींची लेखी परवानगी, वाळूची बादली, पाण्याची बादली, वॉचमनला चहा. त्या बादल्या भरून ठेवणं हा पहिल्या सहा महिन्यांत माझा मुख्य अभ्यास होता.

बंद करण्याचा सराव मात्र आम्ही इतका केला की कंटाळा यावा. एक जण आत गेल्याचं नाटक करणार, दुसऱ्याने त्याला परत आणायचं. तळपाय जमिनीवर. डोळे उघडे, खोलीतल्या पाच वस्तू सांगायच्या. मग आपापल्या ओळखीचं काहीतरी क्रमाने बोलायला लावायचं. ताईंचं आवडतं म्हणजे स्टेशनं. मुंबईतला माणूस कितीही हरवलेला असो, त्याला त्याच्या लाइनची स्टेशनं विचारली की तो खाली येतो. वेस्टर्नवाल्याला चर्चगेटपर्यंत, सेंट्रलवाल्याला सीएसएमटीपर्यंत. आमच्यातला एक जण डोंबिवलीचा. तो दिवा स्टेशनला पोहोचेपर्यंत हसायला लागायचा. स्टेशनं नीट आली की मगच चार दिशांना एकेक करून निरोप, ज्या क्रमाने बोलावलं त्या क्रमाने, आणि त्यानंतर पोटात काहीतरी खारट. चहाबिस्किटाशिवाय कोणाला जिना उतरू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी फोन.

नवव्या महिन्यात मी नापास झाले. ताई शेजारी बसलेल्या असताना प्रत्यक्ष माणसांना दीक्षा द्यायची पाळी आली होती. दोन झाल्या, बऱ्या झाल्या. तिसरा एक पंचविशीतला मुलगा, माझ्याच एका विद्यार्थिनीचा भाचा. पहिल्या भेटीत तो म्हणाला, ‘मावशी, मी चार मुलाखती बघितल्या, पण मला तुमच्याकडूनच घ्यायचीय. मला तसं सांगितलं गेलंय.’ मी सुखावले. कोणी सांगितलं, हे विचारलं नाही. प्रश्नावलीत त्याने औषधांच्या रकान्यात ‘होती, बंद केली’ लिहिलं होतं. मी त्यावर बरोबरची खूण केली होती. ताईंनी कागद वाचला, त्याच्याशी स्वतः पाऊण तास बोलल्या, त्याला पाणी दिलं, त्याच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावला आणि त्याच संध्याकाळी त्याला त्याच्या जुन्या डॉक्टरांकडे पोचवायची व्यवस्था केली. रात्री-अपरात्री लागलं तर म्हणून १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर त्याच्या आईला लिहून दिला. मग माझ्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्याने तुमची स्तुती केली तिथे तुमचं वाचणं थांबलं. परत पहिल्या महिन्यापासून बसा.’

म्हणून माझे चौदाचे बावीस महिने झाले. घरी सांगताना मी ‘मुदतवाढ’ म्हणाले. भाऊ म्हणाला, ‘केटी लागली म्हण की.’

तो मुलगा आता नोकरी करतो, औषधं घेतो. अधूनमधून मला शुभ सकाळ पाठवतो, गुलाबाच्या फुलासकट.

ताईंसमोर मी अकरा जणांना दीक्षा दिल्या, तिघांना नाही म्हटलं. नाही म्हणणं मला अजून नीट जमत नाही. माझा चेहरा आधीच माफी मागायला लागतो. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मी फाडायला गेले तर फाटेना; लॅमिनेशन चांगलं होतं. आता ते कणकेच्या डब्याखाली असतं, ओट्यावर डाग पडू नये म्हणून. ताई प्रमाणपत्र देत नाहीत. कोणी विचारलं तर त्यांचा नंबर द्यायचा.

मैत्रिणीचा फोन आला तो गेल्या पावसाळ्यात. मधे तिने दीड वर्ष समुपदेशन घेतलं होतं, भावाचं श्राद्ध कोरेगावला जाऊन नीट केलं होतं. म्हणाली, ‘ते तिसरं अर्धवट राहिलंय ना. मला अर्धवट गोष्टी आवडत नाहीत.’ मी तिला म्हटलं, अर्धवट राहू दे, काही बिघडत नाही. ती म्हणाली, ‘तुझं बिघडत नसेल.’ मी ताईंना विचारलं. तिच्या समुपदेशकांना तिने स्वतः विचारलं. ताई म्हणाल्या, मी येऊन कोपऱ्यात बसते. प्रश्नावली भरताना ‘मधेच थांबवायचं असेल तर कोणता शब्द?’ याला तिने लिहिलं, ‘एसटी’.

तोच हॉल, तीच सतरंजी. ताई सोफ्याच्या टोकाला. आई आता ऐंशी पार. तिला खुर्ची लागते, पण ती स्वयंपाकघरातच थांबली, दार अर्धं लोटून. या वेळी मी काही वाचून म्हटलं नाही. कपाळाला कपाळ टेकवलं तेव्हा तिचा श्वास एकदा वर गेला, आणि मी थांबले. वाट बघितली. तो आपसूक खाली आला. ती रडली थोडी, साधं, नाक पुसत. ‘एसटी’ म्हणायची वेळ आली नाही. मग तळपाय जमिनीवर, डोळे उघड, पाच वस्तू सांग. तिने पंखा, टीव्ही, ताई, कुंडी आणि भिंतीवरचा ओल आलेला डाग सांगितला, आणि डाग सांगताना माझ्याकडे बघून भुवई उडवली.

‘गोरेगावपासून चर्चगेट,’ मी म्हटलं.

‘गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी…’

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘राम मंदिर रवला गो चेडवा!’